निश्चल देह आणि जागेपणाची मोजदाद : प्रस्तावना

मनुष्य काहीच करीत नसतो तेव्हा त्याचा मेंदू काय करीत असतो, हा प्रश्न विचारणे जितके सोपे तितकेच त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळविणे दुर्घट आहे. कारण काम करणाऱ्याची पारख त्याच्या कामावरून करता येते, परंतु ज्याला ‘स्वस्थ पडून राहा, हालू नका, झोपू नका’ एवढाच हुकूम देऊन चुंबकाच्या बोगद्यात सरकविले आहे, त्याने त्या हुकमाची तामिली कुठवर केली, आणि करता करता तो निद्रेच्या उंबरठ्याच्या अलीकडे राहिला की पलीकडे गेला, याची साक्ष देणारे तेथे सहसा कोणी नसते. विश्रांत अवस्थेतील मेंदूचे चित्रण हे जे शास्त्र गेल्या तीस वर्षांत उदयास येऊन जगभर फोफावले, त्याच्या पायाशीच हा पेच आहे. माणूस किती जागा होता याची नोंद चित्राबरोबर नसेल, तर चित्रात दिसलेली तफावत आजाराची, स्वभावाची की केवळ पेंगेची, हे ठरविता येत नाही, हे या पुस्तिकेचे मुख्य प्रतिपादन आहे. आणि ते मराठी वाचकापुढे सविस्तर मांडण्याची तजवीज पुढील पानांत केली आहे.

प्रथम यंत्र पाहते काय, याचा खुलासा केला पाहिजे. एमआरआय यंत्राला विचार दिसत नाहीत, मज्जापेशींची विद्युत्-खळबळही दिसत नाही. त्याला दिसते ते रक्त, आणि तेही अप्रत्यक्षपणे. प्राणवायू सोडून दिलेल्या हीमोग्लोबिनचा चुंबकीय गुणधर्म प्राणवायुयुक्त हीमोग्लोबिनहून निराळा असतो, हे लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ साली दाखवून दिले होते. परंतु या तफावतीचा उपयोग जिवंत मेंदूतील रक्ताची स्थिती टिपण्यासाठी करता येईल, हे सेइजी ओगावा यांनी १९९० साली प्राण्यांवरील प्रयोगांतून सिद्ध करीपर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. मेंदूचा जो भाग कामास लागतो त्याच्याकडे गरजेपेक्षा अधिक ताजे रक्त धावते, आणि ५-६ सेकंदांनी यंत्रातील संकेत किंचित उंचावतो. आरंभीच्या संशोधकांनी या पद्धतीने बोटे हलविणे, चित्रे पाहणे, शब्द आठवणे अशा कामांचे नकाशे काढले. दोन कामांच्या मधली जी रिकामी वेळ, ती त्यांच्या लेखी केवळ वजाबाकीसाठी लागणारी रक्कम होती.

त्या रिकाम्या वेळेकडे लक्ष वेधले ते भारतीय वंशाचे तरुण संशोधक भरत बिस्वाल यांनी. अमेरिकेतील मिलवॉकी येथील मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिनमध्ये काम करीत असताना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली असे प्रसिद्ध केले की, माणूस हात मुळीच हलवीत नसतानाही डाव्या व उजव्या हातांचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या दोन्ही भागांतील संकेत एकमेकांच्या जोडीने वरखाली होत असतात. आणि हे हेलकावे इतके संथ असतात, की एक हेलकावा पुरा होण्यास १० सेकंदांहून अधिक वेळ लागतो. पुढे २००१ साली मार्कस राइकल यांनी दाखविले की मेंदूचे काही प्रदेश काम सुरू होताच शांत होतात आणि काम संपताच पुन्हा सक्रिय होतात. अर्थात ‘काहीच न करणे’ हीही मेंदूची एक नेमस्त व्यवस्था आहे. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के खर्च करतो, आणि एखादे काम हाती घेतल्याने त्या खर्चात फारच थोडी भर पडते, हे ध्यानात घेतले म्हणजे रिकाम्या वेळेचे दप्तर तपासण्याचा उत्साह संशोधकांना का वाटला असेल, ते उमजते.

या पद्धतीचे व्यावहारिक लाभ उघड होते. पक्षाघाताचा रोगी, स्मृतिभ्रंश झालेली वृद्धा, अथवा अजाण मूल यांच्याकडून काम करवून घेणे कठीण. परंतु पाच-दहा मिनिटे पडून राहणे बहुतेकांना साधते. शिवाय एका शहरातील चित्रणे दुसऱ्या शहरातील चित्रणांशी जुळवून पाहण्याची सोय झाली, कारण ‘काही करू नका’ हा हुकूम सर्वत्र सारखाच मानला गेला. हुकूम सारखा खरा. तो ऐकणारी माणसे सारख्या अवस्थेत नव्हती, ही गोष्ट मात्र पुष्कळ काळ हिशेबात धरली गेली नाही.

हे विस्मरण आश्चर्याचे आहे, कारण जागेपणाला पायऱ्या असतात हे शास्त्राला फार पूर्वीच अवगत होते. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूचा पहिला विद्युत्-आलेख घेतला व १९२९ साली तो प्रसिद्ध केला, तेव्हाच डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या लहरी डोळे उघडताच बदलतात, हे त्यांनी नोंदविले होते. १९३७ साली अमेरिकेत आल्फ्रेड लूमिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपेच्या पायऱ्या या आलेखावरून वेगळ्या केल्या. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, रडारवरील पहाऱ्याच्या धर्तीच्या एकसुरी दृश्याकडे टक लावून बसणाऱ्याची दक्षता पहिल्या अर्ध्या तासानंतर स्पष्टपणे उतरते, असे आढळले. आणि १९४९ साली ज्युसेप्पे मोरुझ्झी व होरेस मॅगून यांनी मेंदूच्या देठातील जाळीसारख्या पेशीसमूहाला उद्दीपित करून निद्रिस्त आलेखाचे जागृत आलेखात रूपांतर करून दाखविले, तेव्हा जागेपण हे समग्र मेंदूवर खालून चालणारे शासन आहे, हे प्रस्थापित झाले. एवढा पूर्वसंचय पाठीशी असता बोगद्यातील माणूस जागाच असणार, असे गृहीत धरले गेले.

त्या गृहीताची शहानिशा एन्झो टालियाझुकी व हेल्मुट लाउफ्स यांनी २०१४ साली केली. काही व्यक्तींचे चित्रण व विद्युत्-आलेख एकाच वेळी घेऊन, झोपेच्या कोणत्या पायरीवर मेंदूच्या भागांचे परस्परसंबंध कसे दिसतात हे त्यांनी संगणकास शिकविले, आणि मग निरनिराळ्या ठिकाणी इतर कारणांसाठी घेतलेली १,१४७ विश्रांत-चित्रणे त्याच्यापुढे ठेवली. निष्कर्ष असा निघाला की सुमारे एकतृतीयांश व्यक्तींचे जागेपण पहिल्या ३ मिनिटांतच ढळले होते. ज्यांना ‘जागृत विश्रांती’ असा शिक्का मारून दप्तरी दाखल केले होते, त्या चित्रणांपैकी पुष्कळांत जागृती व निद्रा यांचे बेमालूम मिश्रण झालेले होते.

पेंग आली म्हणजे चित्रात बदलते काय? दृष्टी, श्रवण व स्पर्श यांच्या प्रदेशांतील हेलकावे मोठे होतात व एकमेकांशी अधिक जुळू लागतात. थॅलॅमस, म्हणजे इंद्रियांचे संदेश मेंदूच्या बाह्यस्तराकडे पोहोचविणारा खोल भाग, त्या प्रदेशांशी असलेले आपले नाते बदलतो. आणि अंतर्मुख विचाराचे व बहिर्मुख लक्षाचे जे दोन प्रदेशसमूह जागेपणी आळीपाळीने चढउतार करतात, त्यांच्यातील विरोध मावळत जातो. याशिवाय संपूर्ण मेंदूचा सरासरी संकेत मोठ्या प्रमाणावर वरखाली होऊ लागतो. ची वाह वाँग, थॉमस लिऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखविले, की विद्युत्-आलेखावरून दक्षता जितकी कमी दिसते तितकी या सरासरी संकेताची झेप मोठी असते. आणि कॅफीन पोटात गेल्यावर ती झेप आखूड होते. सरासरीच मोठ्याने डोलू लागली म्हणजे कोणतेही दोन भाग एकमेकांशी निगडित भासणार, हे उघड आहे. ही सरासरी गणिताने वजा करावी काय, यावर संशोधकांत दोन तट पडले. कारण वजाबाकी केल्याने मुळात नसलेले विरोधही हिशेबात उमटू शकतात.

मामला येथेच संपत नाही. झोप ही केवळ मेंदूत येत नसून देहात येते. श्वास संथ व अनियमित होतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड चढतो-उतरतो, त्याने मेंदूतील रक्तवाहिन्या रुंद-अरुंद होतात, आणि यंत्राला तर रक्तच दिसत असल्यामुळे श्वासाचा हा परिणाम मज्जापेशींच्या कार्याचा वेष घेऊन चित्रात उतरतो. पेंगणाऱ्याची मान कलते, दचकून सावरते. डोके मिलिमीटरभर हालले तरी दूरच्या भागांचे संबंध क्षीण व जवळच्या भागांचे संबंध दाट दिसू लागतात. अशा रीतीने पेंग, श्वास व हालचाल ही तिन्ही कारणे एकमेकांत गुंतून येतात, आणि त्यांचा जमाखर्च वेगवेगळा मांडणे हेच या क्षेत्रातील कसबाचे काम होऊन बसले आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला या प्रश्नाचा पूर्वेतिहास परका वाटू नये. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले, आणि क्ष-किरणे व दाबमापके यांच्या साहाय्याने योगक्रियांचे मापन आरंभिले, तेव्हापासून निश्चल दिसणाऱ्या देहात चाललेल्या व्यापारांची मोजणी हा येथील संशोधनाचा विषय झालेला आहे. प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने त्याहून मोलाचा दाखला मुंबईचा आहे. के. ई. एम. रुग्णालयातील हृद्रोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी देशमुख, दळवी व लोणावळ्याचे विनेकर यांच्यासमवेत उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचे परिणाम १९६९ साली ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. कित्येक रुग्णांचा रक्तदाब उतरला, कित्येकांची औषधाची मात्रा कमी करता आली. परंतु आपल्याला येथे महत्त्व आहे ते रुग्णांना दिलेल्या सूचनेचे. त्यांना नुसते ‘पडून राहा’ असे सांगितलेले नव्हते. श्वास संथ लयीत ठेवून, आत येणाऱ्या हवेचा गारवा व बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब नाकपुड्यांपाशी अनुभवीत राहावे, म्हणजे देह सैल सुटला तरी चित्त आतून सावध राहील, अशी ती तजवीज होती. निश्चल देहात जागेपण आपोआप टिकत नाही, त्याला कसलेतरी आलंबन द्यावे लागते, हे या वैद्यांनी ओळखले होते; उलट पुढील पिढीच्या चित्रणकारांनी बोगद्यातील माणसाचे हे आलंबन काढून घेतले, आणि तो जागा राहील अशी अपेक्षा मात्र कायम ठेवली.

ही जाणीव लोणावळ्याच्या मंडळींना कोठून आली, याचा शोध दूर घ्यावयास नको. पतंजलीने निद्रेची गणना चित्ताच्या पाच वृत्तींत केली आहे; म्हणजे झोप हा चित्तव्यापाराचा अभाव नसून तोही एक व्यापारच आहे, असे त्याचे मत दिसते. वेदान्तग्रंथांनी समाधीच्या विघ्नांत ‘लय’ हे विघ्न सांगितले, ते याच कारणासाठी, की बाहेरून पाहणाऱ्याला ध्यानस्थ आणि निद्राधीन हे दोघेही सारखेच निश्चल दिसतात. समर्थ रामदासांनी तर दासबोधाच्या अठराव्या दशकात एक सबंध समास निद्रेच्या निरूपणाला दिला आहे; आळस, जांभया, डुलक्या येथपासून गाढ झोपेपर्यंतच्या अवस्था त्यांत अशा बारकाव्याने व मिस्कीलपणे टिपल्या आहेत, की निद्रा ही एका पावलात येत नाही हे कोणाही श्रोत्याला पटावे. तथापि यावरून आमच्या पूर्वजांना आजचे शास्त्र अवगत होते, असा दावा करणे अनुचित होय. त्यांनी प्रश्न नेमका विचारला. त्याचे मापन करण्याची साधने त्यांच्यापाशी नव्हती, आणि ज्यांच्यापाशी साधने आली त्यांना प्रश्नाचे विस्मरण झाले.

आता हा प्रश्न येवल्यासारख्या गावाला कसा भिडतो, ते पाहू. समजा, नाशिकच्या एखाद्या केंद्रात स्मृतिदोषाच्या रुग्णांची विश्रांत-चित्रणे निरोगी माणसांच्या चित्रणांशी ताडून पाहावयाची आहेत. निरोगी म्हणून निवडलेली माणसे त्या केंद्राच्या आसपासच राहणारी, रात्रभर स्वस्थ झोपून सकाळी चहा घेऊन आलेली. आणि रुग्ण मात्र येवल्याहून पहाटे उठून, विंचूर-निफाडमार्गे सुमारे ८० किलोमीटरांचा एस.टी.चा प्रवास करून, दवाखान्यात जायचे म्हणून उपाशीपोटी, चहाही न घेता आलेला. बोगद्याच्या एकसुरी ठोक्यांत त्याचा डोळा लागला नाही तरच नवल. दोन्ही गटांच्या चित्रांत तफावत निघेल, ती सांख्यिकीच्या कसोटीस उतरेल, आणि तिला रोगाचे चिन्ह असे नाव मिळेल. वस्तुतः तिच्यातील काही हिस्सा एस.टी.चा असेल. येवल्याच्या मागावर विणल्या जाणाऱ्या धूपछाव पैठणीत ताण्याचा रंग एक व बाण्याचा दुसरा असल्यामुळे एकच वस्त्र एका बाजूने हिरवे तर दुसऱ्या बाजूने जांभळे दिसते, आणि ती कोणत्या उजेडात, कोणत्या अंगाने पाहिली हे सांगितल्यावाचून तिच्या रंगाविषयी वाद घालण्यात येवल्याचा कोणताही विणकर वेळ दवडीत नाही. मेंदूच्या विश्रांत-चित्राविषयीही तेवढाच विवेक अपेक्षित आहे.

वरील दाखला कल्पित असला तरी त्यातील धोका कल्पित नाही. मनोविकार व मज्जाविकार यांपैकी बहुतेकांत निद्रा बिघडते: नैराश्यात ती उडते, पार्किन्सनच्या विकारात ती तुटते, स्मृतिभ्रंशात दिवस-रात्रीचे भान ढळते, आणि स्किझोफ्रेनियावरील औषधांपैकी कित्येक गुंगी आणणारी असतात. थॅलॅमस व संवेदनप्रदेश यांच्यातील नात्याचा जो बदल स्किझोफ्रेनियात वारंवार आढळल्याचे सांगितले जाते, तो पेंगेत दिसणाऱ्या बदलाशी मिळताजुळता आहे, याकडे काही संशोधकांनी लक्ष वेधले आहे. याचा अर्थ रोगाचे चिन्ह खोटे असा नव्हे. त्यातील रोगाचा वाटा किती व गुंगीचा किती, याची वाटणी झाल्यावाचून त्यावर निकाल देता येत नाही, एवढाच.

यावर योजलेले उपाय अनेक असून प्रत्येकाला काही मर्यादा आहे. डोळे उघडे ठेवून समोरच्या फुलीकडे पाहावयास सांगणे हा सर्वांत सुलभ उपाय, व अमेरिकेतील ‘ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट’ने तोच स्वीकारला, परंतु तेथे चित्रणाचा एकेक खंड सुमारे १५ मिनिटांचा असल्याने पापण्या जड होण्याची भीती राहतेच. डोळ्यावर कॅमेरा लावून पापणी व बाहुली यांची हजेरी घेता येते. चित्रण चालू असताना विद्युत्-आलेखही घेणे सर्वांत खात्रीचे, पण चुंबकाच्या गोंगाटातून तो आलेख निवडून काढणे कष्टाचे व खर्चाचे आहे. मंद गतीने बदलणाऱ्या आकृत्यांची चित्रफीत दाखविली असता माणूस जागा राहतो व कमी हालतो; मात्र त्या अवस्थेला निव्वळ विश्रांती म्हणता येईल काय, असा आक्षेप राहतो. या सर्वांपेक्षा स्वस्त उपाय म्हणजे आदल्या रात्रीची झोप, चित्रणाची वेळ, चहा-कॉफी व औषधे यांचा तपशील लिहून ठेवणे. रसेल पोल्ड्रॅक या अमेरिकन संशोधकाने सुमारे १८ महिने स्वतःच्याच मेंदूची वारंवार चित्रणे करविली. त्यांत मंगळवारी उपाशीपोटी व कॉफीवाचून, तर गुरुवारी खाऊनपिऊन चित्रण होत असे, आणि या दोन वारांच्या चित्रांत मेंदूच्या जोडणीचा स्पष्ट फरक दिसला. मनुष्य तोच, यंत्र तेच. बदलली होती ती न्याहारी.

येथवरच्या विवेचनावरून जागेपणाचा चढउतार हा केवळ कचरा असून तो गाळून टाकला की काम झाले, असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो दूर करणे हे प्रस्तावनाकाराचे कर्तव्य होय. कॅटी चँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली माकडांच्या पापण्यांच्या उघडझापीवरून असे दाखविले, की जागेपणाच्या चढउताराचा समग्र मेंदूवर एक विशिष्ट ठसा उमटतो, आणि तो ठसा चित्रणातच शोधून दक्षतेचा अदमास घेता येतो. अर्थात ज्या नोंदीसाठी बाहेरचा साक्षीदार हवा होता, ती नोंद काही अंशी चित्राच्या पोटातच दडलेली असते. त्या ठशाच्या मुळाशी मेंदूच्या तळातील ॲसिटिलकोलीन पुरविणारा केंद्रक असल्याचे पुरावे त्यानंतर पुढे आले. २०१९ साली बोस्टन येथे नीना फुल्ट्झ, लॉरा लुईस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर झोपेतील याच संथ हेलकाव्यांच्या मागोमाग मेंदूभोवतीचा द्रव मोठ्या लाटांनी आत शिरतो, हे प्रत्यक्ष टिपले. ज्याला एका पिढीने दोष मानून वजा केले, त्याचीच दुसऱ्या पिढीने विद्या केली.

पुस्तिकेच्या रचनेविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. पहिल्या भागात रक्त, चुंबक व संकेत यांचा परिचय आहे. दुसऱ्यात निद्रा व जागृती यांच्या पायऱ्या. तिसऱ्यात त्या पायऱ्यांचे चित्रावर उमटणारे परिणाम. आणि चौथ्यात उपाययोजना. पारिभाषिक शब्द जेथे मराठीत रुळले आहेत तेथे मराठी, व जेथे वैद्यांच्या व रुग्णांच्या तोंडी इंग्रजीच बसले आहेत तेथे तेच ठेवले आहेत. सामान्य वाचकाने एक भेद मात्र आरंभीच मनाशी पक्का करावा. डॉक्टरांनी गाठ, रक्तस्राव वा मणक्याचा दोष पाहण्यासाठी जो नेहमीचा एमआरआय करावयास सांगितला असेल, त्यात रुग्णाला झोप लागल्याने काडीचेही नुकसान होत नाही. तो निश्चल राहिला म्हणजे पुरे, आणि लहान मुलांना तर त्यासाठी औषधाने झोपवितातही. येथील सारी चर्चा आहे ती मेंदूच्या कार्याच्या विश्रांत-चित्रणाविषयी, ज्याचा मुख्य वापर अद्याप संशोधनात होतो.

तेव्हा या पुस्तिकेत, किंवा वृत्तपत्रात, किंवा एखाद्या व्याख्यानात, ‘अमुक विकाराची खूण विश्रांत मेंदूत सापडली’ असे विधान पुढे आले, की वाचकाने तीन गोष्टी विचाराव्यात: चित्रण किती मिनिटे चालले, डोळे उघडे होते की मिटलेले, आणि त्या वेळी माणूस किती जागा होता हे कोणी, कशाने मोजले. पहिल्या दोहोंची उत्तरे बहुधा मिळतील. तिसऱ्याचे उत्तर मिळाले नाही, तर त्या विधानाला खोटे ठरविण्याची गरज नाही. त्याचा निकाल तहकूब ठेवावा, आणि जागेपणाची मोजदाद केलेले पुढील संशोधन रुजू होईपर्यंत वाट पाहावी.

येवला
विजयादशमी